विश्लेषण : बंद झालेली रिव्हॉल्व्हर पुन्हा बाजारात का येतात?

अमेरिकेतील कोल्ट कंपनीने जानेवारी २०२० मध्ये ‘पायथन’ हे रिव्हॉल्व्हर पुन्हा बाजारात आणले. मूळ पायथन १९५५ चे. त्याचे नियमित उत्पादन कंपनीने १९९९ मध्ये थांबवले होते. तोवर बहुतांश अमेरिकी पोलिसांनी रिव्हॉल्व्हरकडे पाठ फिरवली होती, मधल्या दोन दशकांत खुद्द कोल्टने दिवाळखोरीचा अर्ज केला. जुन्या पायथनची किंमत मात्र चढतच गेली. कालबाह्य ठरवलेले शस्त्र कंपन्या बंद का करतात आणि काही वर्षांनी त्यालाच पुन्हा का बोलावतात, याचा हा आढावा.

‘पायथन’चे वैशिष्ट्य काय होते?

रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या एका फिरत्या सिलिंडरमध्ये असतात. चाप ओढला की सिलिंडर एक घर पुढे सरकतो, हॅमर मागे जातो आणि काडतुसावर आपटतो. त्या क्षणी सिलिंडरचे घर आणि नळी अगदी एका रेषेत असावी लागते. सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ही जुळणी सहाही घरांसाठी नेमकी साधावी लागते.

पायथनमध्ये हे काम कुशल कारागीर हाताने करत. भाग बसवून पाहायचा, कानशीने किंचित घासायचा, पुन्हा बसवून पाहायचा. त्यामुळे चाप अतिशय मऊ चाले आणि नेम अचूक लागे. पोलादाला आरशासारखे चकचकीत करून त्यावर गडद निळी झळाळी दिली जाई. ‘.३५७ मॅग्नम’ या जोरदार काडतुसासाठी बनवलेल्या या रिव्हॉल्व्हरची १९५५ मधील किंमत १२५ डॉलर होती. तेव्हाही ते महागड्या शस्त्रांतच गणले जाई.

मग ते बंद का झाले?

पहिले कारण, मोठा ग्राहक गेला. अनेक दशके अमेरिकी पोलिसाच्या कमरेला रिव्हॉल्व्हरच असे. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक १७ हे पिस्तूल स्वीकारले. त्याचा सांगाडा पॉलिमरचा, वजन कमी आणि मॅगझिनमध्ये १७ गोळ्या. समोर रिव्हॉल्व्हरच्या सहा गोळ्या तोकड्या वाटू लागल्या. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआय आणि दोन दरोडेखोरांची चकमक झाली. त्यात एफबीआयचे दोन एजंट मारले गेले, पाच जखमी झाले. अनेक एजंटांच्या हाती रिव्हॉल्व्हर होती आणि जखमी अवस्थेत ती पुन्हा भरणे कठीण गेले. त्यानंतर पिस्तुलांकडे वळण्याचा वेग वाढला. न्यूयॉर्क पोलिसांनी १९९३ मध्ये बदल सुरू केला आणि २०१८ मध्ये दलातील शेवटची रिव्हॉल्व्हर निवृत्त केली.

दुसरे कारण, मजुरीचा खर्च. हाताने जुळवलेल्या शस्त्राला तास लागतात आणि दर तासाची मजुरी वाढत जाते. किंमत वाढवावी तर ग्राहक निम्म्या दराचे पिस्तूल घेतो. न वाढवावी तर नफा उरत नाही.

तिसरे कारण, कंपनीचीच अवस्था. १९८५ मध्ये अमेरिकी सैन्याने कोल्टचे जुने पिस्तूल बाजूला सारून बेरेटाचे पिस्तूल निवडले. १९८६ मध्ये सुरू झालेला कामगारांचा संप १९९० पर्यंत चालला. १९८८ मध्ये एम-१६ रायफलींचे सरकारी कंत्राट हातचे गेले. १९९२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज झाला. अशा वेळी कमी खपाची, जास्त कष्टाची मॉडेल आधी कापली जातात. १९९९ नंतर पायथन काही वर्षे केवळ खास मागणीवर बनले, मग तेही थांबले. जुळणी करणारे हात निवृत्त झाले की ते कौशल्य नकाशात किंवा फाइलमध्ये उरत नाही. त्यामुळे एकदा बंद केलेले मॉडेल जसेच्या तसे सुरू करणे सोपे नसते.

कायदा आणि सुरक्षेचा संबंध कसा येतो?

काही मॉडेल खप असूनही बदलावी लागतात. जुन्या धाटणीच्या सिंगल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये हॅमर भरलेल्या घरावर टेकलेला असेल आणि शस्त्र हातून पडले, तर गोळी सुटू शकत असे. म्हणून जाणकार सहापैकी एक घर रिकामे ठेवत. रुगर कंपनीने १९७३ मध्ये जुनी रचना थांबवून नवी आणली. तिच्यात चाप पूर्ण ओढल्याशिवाय हॅमरचा आघात काडतुसापर्यंत पोहोचतच नाही.

स्मिथ अँड वेसनचा अनुभव वेगळा. मार्च २००० मध्ये या कंपनीने क्लिंटन प्रशासनाशी सुरक्षाविषयक करार केला. त्यावर चिडलेल्या बंदूकप्रेमींनी तिच्यावर बहिष्कार टाकला. २००१ मध्ये कंपनी विकली गेली, तीही शस्त्रांसाठी कुलुपे तयार करणाऱ्या ‘सेफ-टी-हॅमर’ कंपनीला. त्यानंतर तिच्या रिव्हॉल्व्हरच्या डाव्या बाजूला किल्लीने लावायच्या कुलपाचे छोटे छिद्र दिसू लागले. मुलांच्या हाती शस्त्र लागू नये, हा त्यामागचा हेतू. पण अनेक ग्राहकांना ते छिद्र खुपले आणि कुलूप नसलेल्या जुन्या शस्त्रांना जादा भाव मिळू लागला. अलीकडे कंपनीने काही मॉडेल पुन्हा कुलपाशिवाय आणली आहेत.

बंद मॉडेल परत का आणले जाते?

याचे जुने उदाहरणही कोल्टचेच. १८७३ चे ‘सिंगल अ‍ॅक्शन आर्मी’ हे काउबॉय चित्रपटांतून जगभर ओळखीचे झालेले रिव्हॉल्व्हर. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास त्याचे उत्पादन थांबले. युद्धानंतर अमेरिकेत घरोघरी टीव्ही आला आणि काउबॉयच्या मालिकांची लाट उसळली. ‘गनस्मोक’ ही मालिका १९५५ मध्ये सुरू झाली. मागणी होती, पण कोल्टचा माल नव्हता. ती जागा रुगरने १९५३ मध्ये ‘सिंगल-सिक्स’ आणून पकडली. पाठोपाठ लॉस एंजेलिसची ग्रेट वेस्टर्न ही कंपनी कोल्टसारखीच दिसणारी रिव्हॉल्व्हर विकू लागली. आपल्याच नावाचे पैसे दुसरे कमावत आहेत हे दिसल्यावर कोल्टने १९५६ मध्ये जुने मॉडेल पुन्हा सुरू केले.

पायथनबाबतही तेच झाले. उत्पादन थांबल्यावर वापरलेल्या पायथनला हजारो डॉलर मिळू लागले. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘द वॉकिंग डेड’ मालिकेच्या नायकाच्या हाती पायथन होते. ज्यांनी ते कधी हाताळले नव्हते, अशा तरुणांनाही ते ठाऊक झाले. जुन्या वस्तूचा बाजार हे कंपनीसाठी फुकटात झालेले सर्वेक्षणच असते. मात्र त्या व्यवहारातून कंपनीला एक पैसाही मिळत नाही. नवे शस्त्र त्या किमतीपेक्षा स्वस्तात बनवता आले, तरच परतीचे गणित जमते.

ते जमवले संगणकनियंत्रित यंत्रांनी. जो भाग कारागीर घासून बसवत असे, तो आता इतक्या अचूक मापात कापला जातो की फारसा घासावा लागत नाही. तरीही कोल्टने थेट पायथनवर उडी घेतली नाही. २०१५ च्या दिवाळखोरीतून सावरल्यावर २०१७ मध्ये छोटे ‘कोब्रा’, २०१९ मध्ये ‘किंग कोब्रा’, २०२० मध्ये पायथन आणि २०२१ मध्ये ‘अ‍ॅनाकोंडा’ असा क्रम लावला. आधी कारखान्याचा हात बसवला, मग सर्वांत मोठे नाव बाहेर काढले. स्मिथ अँड वेसननेही १९९९ मध्ये थांबवलेले ‘मॉडेल १९’ हे रिव्हॉल्व्हर २०१८ मध्ये परत आणले.

परत आलेले शस्त्र जुनेच असते का?

नाव आणि रूप जुने असते, आतली रचना बरीचशी नवी. २०२० चे पायथन स्टेनलेस स्टीलचे होते आणि त्याची किंमत १,४९९ डॉलर ठेवली गेली. तेव्हाच्या दराने ही रक्कम साधारण एक लाख सहा हजार रुपये होते. कंपनीच्या सांगण्यानुसार नव्या पायथनमध्ये जुन्यापेक्षा १४ भाग कमी आहेत आणि सांगाडा अधिक मजबूत आहे. भाग कमी म्हणजे जुळणी सोपी, दुरुस्तीही सोपी. जुन्या पायथनची जुळणी झिजून बिघडली तर ती नीट करणारा कारागीर शोधावा लागे.

संग्राहकांना मात्र हातकामाचीच किंमत मोजायची असते. म्हणून नवे आल्यावरही जुन्याला वेगळा ग्राहक राहतो. कंपनीही जुनी राहिलेली नाही. २०२१ मध्ये कोल्ट झेक प्रजासत्ताकातील सीझेड समूहाने विकत घेतली. या व्यवहारात यंत्रांइतकेच, किंबहुना अधिक मोल कोल्ट या नावाला होते.

भारतात काय स्थिती आहे?

भारतात जुन्या रिव्हॉल्व्हरचे आयुष्य कायद्याने वाढवले. १९८० च्या दशकापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी शस्त्र आयात करता येत नाही. त्यामुळे आधीच देशात आलेली वेब्ली किंवा स्मिथ अँड वेसन एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे मोठ्या किमतीला जातात. सैन्य-पोलिसांच्या वापरातील बोअर नागरिकांना प्रतिबंधित असल्याने परवानाधारकांच्या हाती मुख्यतः .३२ बोअरची रिव्हॉल्व्हर दिसतात.

कानपूरच्या सरकारी कारखान्याचे .३२ रिव्हॉल्व्हर ब्रिटिश वेब्लीच्या धाटणीचेच आहे. सांगाडा मधून मोडून सिलिंडर उघडायचा, ही ती रचना. महिलांसाठी म्हणून २०१४ मध्ये आणलेले सुमारे अर्धा किलो वजनाचे ‘निर्भीक’ही याच कुळातले. ब्रिटनमध्ये डनब्लेनच्या शाळेतील हत्याकांडानंतर १९९७ मध्ये हँडगनवर जवळपास संपूर्ण बंदी आली. आपल्या घरी अशी बाजारपेठ न उरलेल्या वेब्ली अँड स्कॉटच्या .३२ रिव्हॉल्व्हरचे उत्पादन २०२० मध्ये भारतीय भागीदारासोबत सुरू होत असल्याचे जाहीर झाले, ते उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यात, संडीला येथे. सिलिंडर बाजूला उघडणारे ‘प्रबल’ हे सरकारी कंपनीचे रिव्हॉल्व्हर मात्र २०२३ मध्ये आले. अमेरिकेत ही रचना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच रुळली होती.

थोडक्यात, अमेरिकेत मुबलक पर्याय असूनही आठवणीपोटी जुने मॉडेल परत येते. भारतात पर्याय मोजके असल्याने जुनी रचना जातच नाही. त्यातच २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आहे. म्हणजे दोनच शस्त्रे निवडायची असल्याने निवड अधिक जपून होते.

हा केवळ आठवणींचा बाजार आहे का?

पायथन परतले त्या २०२० या वर्षी अमेरिकेत शस्त्रखरेदी आणि परवान्यांसाठीच्या पार्श्वभूमी तपासण्यांची संख्या ३.९७ कोटींवर गेली. प्रत्येक तपासणी म्हणजे विक्री नव्हे, तरीही तोवरचा हा उच्चांक होता. त्याच वर्षी तेथे बंदुकीच्या गोळीने ४५,२२२ माणसे दगावली. त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. पोलीस आणि सैन्य हे ग्राहक गेल्यावर रिव्हॉल्व्हरचा कारखाना आता सामान्य नागरिकाच्या खरेदीवर चालतो आणि त्या नागरिकाला वारसा, मालिका, वडिलांच्या काळातील कारागिरी यांच्या नावाने साद घातली जाते. जुनी घड्याळे आणि मोटारीही अशाच परत येतात. फरक इतकाच, की संग्रहासाठी घेतलेले रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवले तरी ते शस्त्रच राहते आणि ते कुलपात ठेवायचे की नाही, हा निर्णय बहुतेक वेळा घेणाऱ्यावरच सोडलेला असतो.