क्षयरोगाची प्राचीनता

महाडाहून पोलादपुरास व तेथून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वराच्या पुढें गेलें, म्हणजे पांचगणी लागते. क्षयावर औषध नव्हतें त्या काळीं कोरड्या हवेच्या आशेनें रोग्यांस तेथें नेऊन ठेवीत. हा रोग म्हणजे कुळाचा दोष किंवा कोणाचा तरी शाप, अशी समजूत असल्यामुळें रोग्याच्या घरच्या मुलींचे विवाहहि अडत. ही समजूत कितपत खरी, हें आपण पुरातन हाडांसच विचारूं.

आमच्या तालुक्यांत तीं हाडें सांपडणें कठीण. येथील मुसळधार पाऊस व आम्लयुक्त माती तीं टिकूं देत नाहींत. म्हणून घाट ओलांडून देशावर जावें लागतें. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं इ. स. १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलें. सुमारें तीन हजार वर्षांपूर्वीं तेथील लोक मृत बालकांस तोंडास तोंड लावलेल्या दोन मडक्यांत ठेवून घराच्या जमिनीखालीं पुरीत. अशा सांगाड्यांवरून वय, आहार व रोग यांचें अनुमान करतां येतें.

क्षयाचा जंतु बहुधा फुप्फुसांत राहतो. परंतु कांहीं रोग्यांत तो पाठीच्या मणक्यांत शिरून त्यांस पोखरतो. मणके ढासळतात व पाठीस कुबड येतें. देह मातीस मिळाला तरी ही खूण हाडांवर राहते. आतां तर हाडांत उरलेले जंतूचे अंशहि प्रयोगशाळेंत ओळखतां येतात. इस्राएलच्या किनाऱ्याजवळ समुद्रांत बुडालेल्या अतलित-याम येथील एक स्त्री व एक तान्हें बालक यांच्या नऊ हजार वर्षांच्या हाडांत असे अंश आढळल्याचें इ. स. २००८ सालीं प्रसिद्ध झालें. हडप्पा येथील सांगाड्यांवरहि क्षय व कुष्ठ यांच्या खुणा इ. स. २०१३ सालीं नोंदल्या गेल्या. नगराच्या पडत्या काळांत संसर्ग वाढला होता, असें त्यांवरून दिसलें.

पूर्वीं विद्वान् मानीत कीं, हा रोग पाळीव गुरांपासून मनुष्यास जडला. परंतु जंतूंची वंशावळ पाहतां गुरांचा जंतु हा आपल्या जंतूचा पूर्वज नव्हे, असें ठरलें आहे.

तेव्हां क्षय हा शाप नव्हे, कुळाचा दोषहि नव्हे. खोकल्यावाटे हवेंत उडणाऱ्या जंतूनें तो पसरतो. कोंदट घर व अर्धपोटीं शरीर त्यास अनुकूल. आज सरकारी दवाखान्यांत त्याचें औषध विनामूल्य मिळतें, व तें पुऱ्या मुदतीपर्यंत घेतल्यास बहुतेक रोगी बरे होतात. म्हणून घरांत कोणाचा खोकला दोन आठवडे हटला नाहीं, तर तो लपवूं नये. दवाखान्याची वाट धरावी.