मेजावरची वीज आणि झाकणावरची भाषा

चतुर्थीचे दिवस जवळ आले की गोमंतकातील वाड्यावाड्यांवर तरुण मुलांची एक निराळीच धांदल सुरू होते. देखाव्यातील गरुडाचे पंख हलवावयाचे असतात, कारंजे उडवावयाचे असते, माटोळीमागे दिव्यांची माळ सोडावयाची असते. एक मोटर ६ व्होल्टची, दुसरी १२ व्होल्टची, माळ आणखी तिसऱ्याच दाबाची. आणि भिंतीतून येते ती मात्र २३० व्होल्टची एकच एक वीज. ही तफावत मिटविण्यासाठी मुले हाताला लागेल तो जुना चार्जर कापतात आणि तारा पिळून मोकळी होतात. घरातील वडीलधाऱ्यांना या हिकमतीचे कौतुक वाटते. आम्हांसही वाटत असे. निपाणीतील एका घरातले मेज पाहून आल्यापासून मात्र त्या कौतुकात काळजी मिसळली आहे.

बेळगावची भाजी एक दिवस आली नाही तर पणजीच्या बाजारात काय होते, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. चोर्ल्याचा घाट चढून त्या मुलखात जाणे आम्हांस नवे नाही. या खेपेस पुढे निपाणीपर्यंत गेलो आणि एका स्नेह्याच्या आग्रहावरून त्यांच्या शेजारच्या तरुणाची ‘प्रयोगशाळा’ पाहिली. एके काळी तंबाखूची पोती रचली जात त्या खोलीत एक मेज, त्यावर सोल्डरिंगची इस्त्री, मल्टीमीटर आणि पत्र्याचा एक डबा. डब्याच्या दर्शनी बाजूस आकडे दाखविणारी काचपट्टी व दोन बटणे. एक फिरविले की दाब कमीजास्त होतो, दुसऱ्याने प्रवाहाची मर्यादा ठरते. पदविका घेतलेला हा मुलगा गावातील दूरदर्शन संच व इन्व्हर्टर दुरुस्त करतो, आणि हा डबा त्याने स्वतः बनविलेला. आम्ही कुतूहलाने वाकलो तसा तो म्हणाला, “काका, आत हात घालू नकासा.”

आम्ही पडलो कला शाखेचे. आमची विजेची विद्या फ्यूज बदलण्यापलीकडे कधी गेली नाही. तरीही त्या मुलाने समजावून दिले ते आमच्यासारख्यासही उमगले, याचे श्रेय त्याच्या दृष्टान्ताला आहे. दाब उतरविण्याची जुनी रीत अशी की, नको असलेली वीज उष्णतेच्या रूपाने जाळून टाकावयाची. ३० व्होल्टमधून ५ व्होल्ट हवे आहेत आणि प्रवाह २ अँपिअरचा आहे, तर कामाला येतात १० वॅट आणि वाया जातात ५०. त्यासाठी पाठीशी लोखंडी पट्ट्यांचा जडशीळ ट्रान्सफॉर्मर आणि ॲल्युमिनियमचे पंखे लावावे लागतात. नवी रीत निराळी. तिच्यात विजेचे दार सेकंदाला हजारो वेळा उघडते आणि मिटते. दार अर्धा वेळ उघडे राहिले तर २४ व्होल्टचे १२ होतात, पाव वेळ राहिले तर ६. पण मग वीज धक्क्याधक्क्यांनी येणार नाही काय? “मोट कशी येते? धक्क्यानंच की! पण थारोळ्यात ओतल्यावर पाट सलगच वाहतोय,” तो म्हणाला. तारेचे वेटोळे आणि कंडेन्सर ही या यंत्रणेची थारोळी होत. मोटा इतक्या जलद येतात की थारोळे लहान असले तरी भागते. म्हणूनच भिंतीच्या विजेवर चालणाऱ्या डब्यांतही जडशीळ लोखंडाच्या जागी काडेपेटीएवढा फेराइटचा गाभा पुरतो. १९७७ साली आलेल्या ॲपल २ संगणकासाठी रॉड होल्ट यांनी याच रीतीचा वीजपुरवठा तयार केला, आणि आज आपल्या खिशातील दूरध्वनीचा चार्जरही याच जातीचा आहे.

या जातीचा आणखी एक गुण त्या मुलखात विशेष मोलाचा. संध्याकाळी पंप सुरू झाले की दाब पडतो, दिवे पिवळे होतात. जुन्या धर्तीचा डबा अशा वेळी कण्हू लागतो. नव्या धर्तीचे अनेक चार्जर मात्र १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही चालवून घेतात. दोषही आहेत. त्या उघडझापीचा खरखराट रेडिओत व ध्वनिवर्धकात उतरतो, आणि नाजूक कामासाठी शेवटी जुन्या रीतीचा एक छोटा टप्पा जोडावा लागतो. नव्याने जुन्याला अगदीच मोडीत काढलेले नाही, हे पाहून आम्हांस का कोण जाणे बरे वाटले.

आता काळजीची बाब. हा त्या मुलाचा दुसरा डबा. पहिला त्याने भंगारात मिळालेल्या संगणकाच्या वीजपेटीतून करावयास घेतला होता. चित्रफितीत पाहिले, झाकण काढले, प्लग उपसला आणि निर्धास्तपणे आत बोट घातले. २३० व्होल्टची वीज एकदिशा केल्यावर तिचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जाते, आणि मोठ्या कंडेन्सरात ती प्लग काढल्यानंतरही दबा धरून बसू शकते, हे त्याला ठाऊक नव्हते. तो भिंतीवर आदळला. तर्जनीवरचा पांढरा डाग त्याने आम्हांस दाखविला. हृदय थांबले असते तर दाखविणारा उरला नसता. त्या पेटीच्या झाकणावर इशारा होता. तो इंग्रजीत होता. चित्रफितीतील सूचनाही इंग्रजीत होती, आणि ती सांगणाराने दीड वाक्यात उरकली होती.

म्हणून दुसऱ्या खेपेस त्याने शहाणपणाची वाट धरली. भिंतीकडची बाजू उघडावयाचीच नाही. भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी असलेला २४ व्होल्टचा बंद अडॅप्टर विकत घ्यावयाचा आणि आपली कारागिरी त्याच्या पुढच्या, कमी दाबाच्या बाजूस करावयाची. एलएम २५९६ नावाचा एक तुकडा मिळतो. ४० व्होल्टपर्यंतची वीज घेऊन सेकंदाला दीड लाख वेळा उघडझाप करीत तो सव्वा व्होल्टपासून पुढे हवा तो दाब देतो, ३ अँपिअरपर्यंत. मात्र तो दाब उतरवितो, चढवीत नाही. २४ घातले तर २४ च्या आतलेच मिळणार. त्यास वेटोळे, डायोड, दोन कंडेन्सर, एक फिरते बटण आणि प्रवाहाला लगाम घालणारे छोटे सर्किट जोडले की घरच्या मेजाचे बहुतेक काम भागते. लगाम असल्यामुळे नवशिक्याची जोडणी चुकली तरी प्रवाह ठरविलेल्या मर्यादेवर अडतो आणि महागाचा भाग बहुधा वाचतो.

हे सारे मराठीत, किंवा कानडीत, छापलेले एक पान त्या मेजावर नव्हते. आणि हे कोठे? तर ज्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचे दुकान काढले त्या मुलखात. लोखंडी नांगराने जमीन नासते असे म्हणणाऱ्या शेतकऱ्यांना त्यांनी धीराने पटविले. १९१० साली कारखाना औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर गेला आणि १९२० साली तेथून शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली, ती मराठीत. यंत्र विकावयाचे तर गिऱ्हाइकाच्या भाषेत बोलले पाहिजे, हे त्या घराण्याला शंभर वर्षांपूर्वी कळले होते. आज बेळगावात १९९८ पासून विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आहे, उद्यमबागेत ओतशाळा आहेत, हत्तरगीला विमानांचे सुटे भाग घडतात. कसबाची वाण त्या भूमीत नाही.

सीमाप्रश्नावर या स्तंभातून आम्ही अनेकदा लिहिले आहे. १९५६ पासूनचे ते शल्य, १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला दावा, या कशाविषयीही आमची भूमिका बदललेली नाही. पाटीवर आपली भाषा असावी हा आग्रह रास्तच आहे. परंतु पाटीइतकाच आग्रह ३२५ व्होल्टच्या झाकणासाठी कोणी धरल्याचे आमच्या ऐकिवात नाही. ३१ डिसेंबर २०१३ पर्यंत दूधगंगेच्या दोन तीरांवरची वीज एका तालावर धावतही नव्हती. रायचूर–सोलापूर वाहिनीने त्या दिवशी दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जुळविले. विजेचे जुळले. शब्दांचे अद्याप नाही. ट्रान्सफॉर्मरसाठी ‘रोहित्र’ हा सुरेख शब्द आहे. शेतकरी मात्र नदीच्या उत्तरेस त्याला डीपी म्हणतो आणि दक्षिणेस टीसी. आम्हांस दोन्ही चालतील. कंडेन्सरला धारित्र म्हणण्याचा हट्टही आमचा नाही. वाक्य तेवढे वाचणाराला कळावे.

२०२१ पासून अभियांत्रिकीचे शिक्षण मराठीत व कानडीत देण्यास मुभा मिळाली आहे. पदवीचे ग्रंथ होतील तेव्हा होवोत. बेळगाव–निपाणीकडील आणि आमच्या गोव्यातील तंत्रनिकेतनांनी व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी आधी आठवड्यातून एक संध्याकाळ आपली कार्यशाळा बाहेरच्या मुलांसाठी उघडावी आणि जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली असा कमी दाबाचा डबा त्यांच्याकडून करवून घ्यावा. सोबत एक छापील पान द्यावे, दोन भाषांत. आमच्या किनाऱ्यासाठी त्यात एक कलम अधिक हवे. अर्थिंग नसलेल्या घरात संगणकाच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. आतील गाळणीचे कंडेन्सर तो दाब पत्र्यावर आणतात. एरवी तो प्रवाह क्षुल्लक असतो. परंतु श्रावणभाद्रपदात ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून देखाव्याच्या तारा जोडणाऱ्या मुलाच्या घरी अर्थिंग आहे काय आणि ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारा स्विच बसविला आहे काय, हे मंडळाच्या अध्यक्षांनी वर्गणीची पावती फाडण्याआधी विचारावे.

निपाणीच्या त्या तरुणाने आपल्या डब्याच्या झाकणावर तैलरंगाने दोन ओळी लिहिल्या आहेत, एक मराठीत, एक कानडीत. कानडीतली ओळ शेजारच्या मुलाकडून लिहून घेतली, असे तो म्हणाला. तोही हल्ली संध्याकाळी त्याच्याकडे शिकावयास येतो.