थांबणे आणि टाळणे

मॅमोग्राफीत काही वेगळे दिसले, की डॉक्टर दोहोंपैकी एक मार्ग सुचवितात : सुईने तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायोप्सी, अथवा 6 महिने थांबून पुन्हा तपासणी. पहिला सल्ला स्त्रीला शिक्षेसारखा वाटतो, दुसरा सुटकेसारखा. वस्तुतः दोन्ही समज चुकीचे आहेत.

अहवालात ‘बाय-रॅड्स’ या नावाने एक क्रमांक दिलेला असतो. क्रमांक 3 असेल, तर कर्करोगाचा संभव शंभरात 2 हून अधिक नसतो. तेथे 6 महिन्यांनी पाहणे शास्त्रसंमत आहे. क्रमांक 4 मध्ये हा संभव 2 पासून 95 पर्यंत कोठेही असतो, 5 मध्ये त्याहूनही अधिक. तेथे बायोप्सी लांबणीवर टाकणे धोक्याचे. तथापि बायोप्सीचा सल्ला म्हणजे कर्करोगाचे निदान नव्हे. क्रमांक 4 च्या अनेक गाठी निरुपद्रवी ठरतात. सुई लागल्याने रोग पसरतो, या भीतीपायी तपासणी टाळणे तर सर्वथा अनुचित होय.

सातारा-सांगलीचा प्रश्न याच्या पुढचा आहे. वॉन्लेस यांनी 1894 साली रुग्णालय उभारल्यापासून मिरज ही रुग्णांची पंढरी झाली. कराडलाही मोठे रुग्णालय आहे. परंतु माण, खटाव, जत, आटपाडीकडच्या स्त्रीला तेथवर एकदा येणे जमते. ठरल्या दिवशी पुन्हा येणे जमेलच असे नाही. ऊसतोडीचा हंगाम असतो. गलाईच्या धंद्यासाठी कुटुंब परप्रांतात गेलेले असते. अशा वेळी ‘थांबा’ या शब्दाचा अर्थ नकळत ‘विसरा’ असा होतो. म्हणून क्रमांक 3 असतानाही ‘बाई, पुन्हा येणे जमेल ना?’ हे डॉक्टरांनी विचारलेच पाहिजे, आणि उत्तर पतीने वा मुलाने नव्हे, तिने द्यावयाचे आहे. जमणार नसेल, तर तेव्हाच बायोप्सी उरकणे शहाणपणाचे ठरू शकते.

ठरल्या वेळी पुन्हा तपासण्याचे मोल मोठे आहे. टाटा रुग्णालयाने 1998 पासून मुंबईतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्या स्त्रियांची स्तनतपासणी प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हातांनी केली. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांतील स्तनकर्करोगाचे मृत्यू त्यामुळे जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले, असे 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले.

आपल्याकडे गावोगाव आशा सेविका आहेत. लसीकरणाच्या तारखांप्रमाणे फेरतपासणीची तारीखही त्यांच्या वहीत नोंदली जावी, आणि फिल्म व अहवाल त्या स्त्रीच्याच हाती असावेत. तारीख ठरवून थांबणे हा उपचाराचाच भाग होय. तारखेवाचून थांबणे हे केवळ टाळणे.