भूक, वासना आणि अंगी लागणे



दिवंगत गुरुजींच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानात मराठीच्या प्राध्यापकाने साहित्याचा विषय न घेता मुलांच्या भुकेचा विषय घ्यावा, याचे काहींना नवल वाटेल. हा विषय शाळेतील शिक्षकांनीच सुचवला. आठवी ते दहावीतील काही मुले डबा तसाच परत नेतात, वर्षाच्या आरंभी शिवलेला गणवेश दिवाळीनंतर ढगळ होतो, आणि पालक काळजीने विचारतात, "हा जेवतच नाही, नुसता वाळत चाललाय, काय करावे?" मी वैद्य नव्हे, रोगनिदान करण्याचा माझा अधिकार नाही. पण शब्द पारखण्यात माझे आयुष्य गेले, आणि माझी अशी धारणा आहे की या प्रश्नाची पहिली गाठ शब्दांतच सुटते. मूल नेमके काय म्हणते हे घरच्यांनी नीट ऐकले आणि डॉक्टरांना तसेच्या तसे सांगितले, तर वाट बरीच सोपी होते.

आपल्याकडे म्हण आहे, भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. खऱ्या भुकेला कोंडाही गोड लागतो. तेरा ते सतरा हे तर वखवखलेल्या भुकेचे वय. प्रौढपणीच्या वजनाचा मोठा भाग माणूस किशोरवयात कमावतो. अशा वयातील मूल आवडीची पुरणपोळीही दूर सारू लागले, तर 'वयच तसे आहे' असे म्हणणे बरोबर नाही. वय तसे नसते, उलट असते.

आणखी एक भेद ध्यानात घेतला पाहिजे: कृश असणे आणि कृश होत जाणे. आपल्या देशात कृश मुले पुष्कळ. २०१६ ते २०१८ या काळातील राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात दहा ते एकोणीस वयोगटातील २४ टक्के मुले वयाच्या मानाने कृश आढळली, म्हणजे चारांत जवळजवळ एक. सडपातळपणा इतका सार्वत्रिक असला की नव्याने होणारी झीज त्यात लपून जाते. एखादा मुलगा अंगानेच काटक असेल, तर त्यात काळजीचे काही नाही. पण जो गेल्या वर्षी ४५ किलोचा होता आणि यंदा ४१ किलोचा आहे, त्याला 'आमच्या घरात सगळेच असे' हे उत्तर लागू पडत नाही. वाढत्या वयात वजन सहा महिने जागच्या जागी राहिले, तरी त्याची दखल घ्यावी.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आईबाप ज्याला सरसकट 'जेवत नाही' म्हणतात, त्यात तीन निरनिराळी वाक्ये दडलेली असतात. पहिले, भूक लागत नाही. दुसरे, भूक लागते पण खात नाही. तिसरे, खातो पण अंगी लागत नाही. आपल्या जुन्या वैद्यकानेही असे भेद केलेले आहेत. घास तोंडात घेतल्यावर चव न लागणे तो अरोचक. अन्नाची आठवण झाली, ते दिसले किंवा त्याचे नाव ऐकले तरी तिटकारा येणे तो भक्तद्वेष. आणि क्रोधाने वा भयाने अन्नाची इच्छाच न होणे तो अभक्तच्छंद, असे टीकाकार सांगतात. शोक आणि भय यांनीही अरुची होते, हे चरकसंहितेने नोंदवले आहे. भुकेचा संबंध पोटाइतकाच मनाशी आहे, हे आपल्याला अपरिचित नव्हते.

पहिले वाक्य घेऊ. भूक लागत नाही, अन्नावरची वासना उडाली आहे, असे मूल म्हणते तेव्हा बहुधा शरीरात काही बिघाड चालू असतो. कावीळ डोळ्यांत दिसण्याच्या आधी तोंडाची चव घालवते. लघवी गडद होते, मळमळते. पावसाळ्यात दूषित पाण्यातून ती पसरते, तेव्हा हे विशेष आठवावे. रक्त कमी असले की भूक मंदावते; त्याच सर्वेक्षणात २८ टक्के किशोरवयीन मुलांत रक्ताची कमतरता आढळली. जंत हेही एक कारण. औषधे चालू असतील तर तीही पाहावीत, कारण काही औषधांनी भूक मरते.

परंतु या गटात ज्याचा विसर पडता कामा नये तो क्षयरोग. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळी येणारा बारीक ताप, रात्रीचा घाम, मानेला गाठी, यांपैकी काहीही भूक व वजन घटण्याच्या जोडीला असेल तर तपासणी लांबवू नये. मराठी माणसाला या रोगाची एक जुनी जखम आहे. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, अमेरिकेस गेल्या. परक्या हवेत त्यांची प्रकृती ढासळत गेली, तरी ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी वैद्यकीची पदवी घेतली. आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पूर्ण झालेली नसताना, क्षयाने त्यांचा अंत झाला. क्षयाचे जंतू कॉख यांनी १८८२ मध्येच दाखवून दिले होते. परंतु औषध हाती यायला १९४० चे दशक उजाडावे लागले. स्वतः डॉक्टर झालेल्या मुलीला जे मिळू शकले नाही, ते आज सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते. साधा क्षय सुमारे सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होतो. सकस आहारासाठी सरकार रुग्णाला उपचारकाळात दरमहा रक्कमही देते. २०१८ मध्ये ती ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली. असे असताना 'लोक काय म्हणतील' या भीतीने तपासणी टाळणे हा मुलावर अन्याय आहे.

याच वाक्याची दुसरी बाजू मनाची. दुःख, घरातील भांडण, परीक्षेची धास्ती, वर्गातील छळ यांनीही भूक मरते. मूल खेळ सोडते, मित्र सोडते, झोप उडते किंवा दिवसभर पडून राहते, आणि हे दोन आठवड्यांपलीकडे चालते, तेव्हा ते आळस वा लाड समजू नयेत. उदासीनता हाही उपचार करण्याजोगा आजार आहे.

दुसरे वाक्य अधिक फसवे आहे: भूक लागते, पण खात नाही. येथे प्रथम तोंड पाहावे. आपल्या सुरत जिल्ह्यात पानाच्या गल्ल्यावर मावा घोटून देण्याची पद्धत सर्वांना ठाऊक आहे. गुजरातने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे निषिद्ध केले. तरीही सुपारी आणि तंबाखू मुलांच्या हाती पडतात. सततच्या सुपारीने गालाची आतली त्वचा ताठरते, तिखट झोंबते, तोंड पुरते उघडत नाही. मुलगा भाजी बाजूला सारतो, आई म्हणते याला घरचे आवडत नाही. खरे कारण गालात असते. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, एवढे त्याला करायला सांगावे. जात नसतील तर दंतवैद्याकडे न्यावे. रागावणे मागाहूनही करता येईल.

मग येतो तो आजार, ज्यात मूल भुकेशीच वैर धरते. १८७३ मध्ये लंडनचे डॉ. गल आणि पॅरिसचे डॉ. लासेग यांनी स्वतंत्रपणे त्याचे वर्णन केले. गल यांनी त्याला 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव दिले. मुलगी, आणि क्वचित मुलगाही, अन्न मोजू लागते, एकेक पदार्थ वर्ज्य करते, घरच्यांबरोबर बसून जेवणे टाळते. हा श्रीमंत देशांतील चोचला आहे असे आपण समजत आलो; ते खरे नाही. दिल्लीच्या डॉक्टरांनी १९९५ मध्ये अशा पाच तरुणींची हकीकत प्रसिद्ध केली. अन्नाला नकार, वारंवार उलट्या, वजनात मोठी घट आणि पाळी बंद होणे ही लक्षणे त्यांच्यात होती. परंतु पाश्चात्त्य पुस्तकांत असते तशी स्वतःच्या देहाविषयीची विपरीत कल्पना त्यांच्यात दिसली नाही. म्हणजे आपल्याकडची मुलगी 'मला बारीक व्हायचे आहे' असे म्हणेलच असे नाही. ती 'पोट भरल्यासारखे वाटते', 'अन्न वर येते' असे म्हणेल, आणि घरचे पित्ताचे औषध देत राहतील.

काही मुली उपवासाचा आधार घेतात. आपल्या परंपरेत उपवास आहेत. येथे आषाढात मुली पाच दिवस अळणी खाऊन गौरीव्रत करतात, आपल्या घरांत हरतालिका असते. पण प्रत्येक उपवासाला पारणे असते. ज्या उपवासाचे पारणे सतत पुढे ढकलले जाते, तो उपवास नव्हे. तो आजार असण्याचा संभव आहे.

अशा मुलाच्या चिडखोरपणाला आईबाप हट्ट म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांनी स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी राहण्याचा प्रयोग स्वीकारला. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते चिडचिडे, उदास आणि एकलकोंडे झाले. त्यांच्या मनात अहोरात्र अन्नच घोळू लागले. मने धडधाकट असलेल्या माणसांची उपासाने ही अवस्था झाली. तेव्हा वाळत चाललेल्या मुलाच्या बोलण्यातील कडवटपणा हा पुष्कळदा उपासमारीचाच कडवटपणा असतो, हे जाणून आईबापांनी तो मनाला लावून घेऊ नये.

तिसरे वाक्य सर्वांत तातडीचे: खातो, पण अंगी लागत नाही. मूल भरपूर जेवते, घटाघटा पाणी पिते, रात्री लघवीसाठी वारंवार उठते, आणि तरी रोडावते. हा बालपणी वा किशोरवयात होणारा मधुमेह असू शकतो. 'आमच्या घरात कोणाला साखर नाही' किंवा 'तो गोड फार खात नाही' या सबबी येथे निरुपयोगी आहेत; साखर खाण्याने हा मधुमेह होत नाही. बोटातून घेतलेल्या रक्ताच्या एका थेंबाने तो मिनिटभरात कळतो. उशीर झाला तर उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास, श्वासाला गोडसर, फळासारखा वास आणि गुंगी असा क्रम लागतो, आणि मग जीव वाचवण्यासाठी तास मोजावे लागतात. अशी शंका आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. थायरॉइड ग्रंथीचा अतिरेक किंवा आतड्याला गहू न सोसणे ही याच वाक्याची आणखी काही कारणे होत.

ही तीन वाक्ये आपल्या परिसरात सहज हरवतात. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गाने खानदेशातून आलेली पुष्कळ कुटुंबे साखर कारखान्याच्या आणि कापडगिरण्यांच्या आश्रयाने चलथाण, कडोदरा, पलसाणा या पट्ट्यात स्थिरावली. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात आणि दवाखान्यात गुजराती किंवा हिंदी. मूल आईला जे सांगते ते डॉक्टरांपर्यंत पोहोचेतो त्याचा एकच शब्द उरतो, 'कमजोरी'. कमजोरीवर टॉनिकची बाटली मिळते किंवा सलाइन लागते. भूक वाढवणाऱ्या काही औषधांनी चार दिवस झोप येते, चार घास जास्त जातात आणि मूळ रोग झाकला जातो. वजन वाढवण्यासाठी कोणी खुल्या गोळ्या दिल्या तर त्यांत स्टेरॉइड असण्याची भीती असते. त्यातून बापाची पाळी बारा तासांची, आईही कामावर. मूल एकटे जेवते की जेवत नाही, हे पाहायला घरी कोणी नसते. दोष कोणाचा नाही, पण उपाय मात्र शोधला पाहिजे.

उपाय साधे आहेत. एका वहीत दर महिन्याला, शक्य तर त्याच काट्यावर आणि त्याच वेळी घेतलेले वजन व उंची लिहावी. शंका आली की सात दिवस मूल काय खाते, काय टाकते आणि काय म्हणते, हे त्याच्याच शब्दांत टिपावे. ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. भाषांतर करण्याचे कष्ट त्यांच्यावर सोपवावेत. दिवसातून एक वेळ कोणी तरी मोठे माणूस मुलाबरोबर ताटावर बसावे, आणि त्या वेळी गुण, वजन, शेजारच्यांची मुले यांविषयी बोलू नये. 'एवढी काडी झालीस' हे वाक्य प्रेमाने म्हटले तरी बोचते. 'तुला बरे वाटत नाही असे दिसते, आपण दाखवून येऊ' हे वाक्य दार उघडते. दृष्ट काढण्याने ज्यांचे मन निवते त्यांनी ती जरूर काढावी. मात्र त्याच संध्याकाळी वजनही करावे.

चक्कर येऊन पडणे, नाडी मंद होणे, हातपाय गार पडणे, पाणीही न टिकणे, मरणाची भाषा, यांपैकी काही दिसले तर वाट पाहू नये. फार दिवस उपाशी राहिलेल्या देहात एकदम अन्न कोंबणेही धोक्याचे. रक्तातील क्षारांचा तोल बिघडतो, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. मनाच्या प्रश्नांसाठी ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेलि-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चालते. तेथे आपल्या भाषेतही बोलता येते.

शिक्षकांना एवढेच सांगणे आहे की हजेरीपटावरील नावाइतकेच मधल्या सुट्टीतील डब्याकडेही लक्ष असावे. आईच्या नजरेला रोज दिसणारे मूल हळूहळू झिजलेले कळत नाही. सुट्टीनंतर भेटणाऱ्या शिक्षकाला ते चटकन कळते. त्या वेळी पालकांना बोलावून दोन शब्द सांगणे हेही अध्यापनच होय.

मराठीत 'अंगी लागणे' हा प्रयोग अन्नाला लागतो तसाच विद्येलाही. मुलाला दिलेली विद्या अंगी लागावी असे आपल्या सर्वांना वाटते. त्याआधी अन्न अंगी लागते आहे ना, हे पाहण्याची जबाबदारी घराची आणि शाळेची मिळून आहे.