सुखाचा शोध (लेखांक ६) : डेन्मार्कचं लोणी, वारणेचं दूध

२०१२ साली पहिला जागतिक आनंद अहवाल आला, तेव्हा डेन्मार्क पहिल्या नंबरावर होता. पुढे फिनलंडनं तो नंबर घेतला, पण डेन्मार्क वरच्या काही देशांतून हललेला नाही. डेन्मार्कच्या सुखावर निघालेल्या पुस्तकांत मेणबत्त्या आणि लोकरीचे मोजे फार असतात. मला विचाराल तर या सुखाचं मूळ लोण्यात आहे, आणि ते वारणा खोऱ्यातल्या माणसाला पटकन उमगेल.

१८६४ च्या लढाईत डेन्मार्कनं मोठा मुलूख गमावला. पाठोपाठ अमेरिका-रशियाचं स्वस्त धान्य आलं आणि शेतमालाचे भाव कोसळले. मग शेतकरी गाईंकडे वळले. पण चांगलं लोणी निघायचं ते जमीनदाराच्या वाड्यात. दोन-चार गाईंवाल्याचं दूध कमी, लोणी आज एक तर उद्या दुसरं, त्याला भाव कोण देणार? १८८२ मध्ये पश्चिम जटलंडच्या येडिंग गावात शेतकऱ्यांनी सामाईक डेअरी काढली. सगळ्यांचं दूध एकत्र, मलई यंत्रावर वेगळी आणि उरलेलं दूध घरी परत, डुकरांना पाजायला. मत मात्र माणशी एक, गाई कितीही असोत. थोड्याच वर्षांत अशा डेअऱ्या देशभर झाल्या. लहान शेतकऱ्याचं लोणी वाड्यातल्या लोण्याच्या तोडीला आलं, तेव्हा त्याची मानही ताठ झाली.

आपल्याकडे वारणा खोऱ्यात तात्यासाहेब कोरे यांनी माळावर आधी साखर कारखाना उभा केला, मग १९६८ मध्ये दूध संघ. आज पहाटे कोणत्याही गावच्या दूध संस्थेत जा. एक म्हातारी किटली घेऊन रांगेत उभी असते. तिच्या म्हशीच्या दुधाचा चमचाभर नमुना यंत्रात जातो, समोर फॅटचा आकडा उमटतो, स्लिप हातात येते. मागे दहा म्हशींवाला पाटील उभा असला, तरी त्याच फॅटला त्यालाही तोच दर. बिल ठरल्या दिवशी मिळणार, हे तिला ठाऊक असतं. सुनेच्या दवाखान्याचा, नातवाच्या वह्यांचा विचार ती त्या भरवशावर करते. माझ्या लेखी सुख म्हणतात ते हेच.

मग आपलं अडतं कुठे? डेन्मार्कमध्ये शाळा आधी आली. ग्रुंटविग या धर्मोपदेशकाच्या विचारातून १८४४ मध्ये रोडिंगला पहिली लोकशाळा निघाली. शिकायला शेतकऱ्यांची तरणी पोरं, हिवाळ्यात शेत रिकामं असताना यायची. मुलींचे वर्ग पुढे उन्हाळ्यात भरू लागले. परीक्षा नाही, पदवी नाही. इतिहास, गाणी, चर्चा. चाळीसेक वर्षांनी डेअरी निघाली, तोवर सभेत उभं राहून बोलायची, दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय बऱ्याच जणांना लागली होती.

आपल्याकडे कारखान्यामागून कॉलेजं आली, गावच्या मुलांचा बालवाद्यवृंद आला. त्याचं मोल मोठं आहे. पण हे सगळं मुलांसाठी. चाळिशीतल्या सभासदाला फारसं कुणी काही शिकवलं नाही. म्हणून कितीतरी संस्थांच्या वार्षिक सभेत अहवाल वाचून व्हायच्या आत ‘मंजूर, मंजूर’चा गजर होतो आणि ताळेबंदाचं पान उलटलंही जात नाही. बायका दूध घालतात, सभासदत्व मात्र बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर. हे मला बोचतं. जिथे प्रश्न विचारायला संकोच वाटतो, तिथला भरवसा एका वाईट चेअरमनच्या पोटात मावतो.

डेन्मार्कच्या हिवाळ्यासारखी उसंत आपल्यालाही असते : भाताची रोपलागण उरकली की श्रावणात हात थोडे मोकळे होतात. तेव्हा संस्थेच्याच हॉलमध्ये आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्ग भरवावा. ताळेबंद कसा वाचायचा, दर कसा ठरतो, पोटनियमात सभासदाचे हक्क कोणते, एवढं पुरे. शेवटी अर्धा तास गाणी. सुरुवात दूध घालणाऱ्या बायकांपासून करावी.