रंगाखाली गोठलेले बोल्ट

रायपूरच्या पश्चिमेला थोड्याच अंतरावर भिलाईचा पोलाद कारखाना आहे. १९५९ साली तेथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. दल्ली-राजहराच्या डोंगरांतील तांबडे खनिज या भट्टीत येते, कोकच्या साहाय्याने व प्रखर उष्णतेने त्यातील ऑक्सिजन वेगळा काढला जातो आणि लोखंड हाती लागते. परंतु हेच लोखंड उघड्यावर, पावसात राहिले की हवा व पाणी यांच्या संयोगाने ते पुन्हा तांबूस भुकटीचे रूप घेऊ लागते. गंज म्हणजे लोखंडाचा आपल्या मूळ रूपाकडे चाललेला परतीचा प्रवासच होय. रायपूरला वर्षाकाठी साधारणपणे १२०० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. अशा हवेत अनेक वर्षे उभ्या राहिलेल्या एखाद्या जुन्या लष्करी ट्रकचा बोल्ट सोडवणे हे म्हणूनच केवळ मनगटाच्या जोराचे काम राहत नाही.

भिलाईची भट्टी पेटली त्याच १९५९ साली जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत ‘शक्तिमान’ ट्रकची बांधणी सुरू झाली. पश्चिम जर्मनीतील मान कंपनीच्या परवान्याने तयार होणारा हा ट्रक पुढे अनेक दशके भारतीय सेनेचा भार वाहत होता. जबलपूर व रायपूर ही दोन्ही शहरे तेव्हा मध्य प्रदेशातच होती. रायपूर छत्तीसगडची राजधानी झाले ते २००० साली. सेनेच्या सेवेतून काढलेली वाहने लिलावाने नागरी मालकांकडे जातात. दुसऱ्या महायुद्धानंतर जीपगाड्या अशाच वाटेने गेल्या आणि त्यांच्यानंतरच्या गाड्याही. आज ज्यांना ही जुनी वाहने पुन्हा चालती करावयाची आहेत, त्यांच्यापुढे पहिला अडथळा उभा राहतो तो रंगाचा.

लष्करी वाहनाला सेवाकाळात पुनःपुन्हा रंग दिला जातो. त्या वेळी बोल्ट काढून ठेवले जात नाहीत. नट, वायसर व उघडे आटे या सर्वांवरून रंगाचे थरावर थर चढतात. हा रंग अखंड असेपर्यंत खालच्या धातूचे रक्षण करतो. पण कंप व उष्णता यांमुळे नटाच्या कडेला बारीक भेग पडली की पाणी आत शिरते आणि वरच्या थरामुळे ते लवकर सुकत नाही. आत गंज धरतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत असू शकते. आट्यांमधील केसाएवढी फट त्यामुळे भरून जाते व नट पाचरीसारखा घट्ट बसतो.

येथे बोल्टाच्या कार्याविषयी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. बोल्ट आवळताना लावलेल्या जोराचा साधारण दहावा हिस्साच प्रत्यक्ष जोड दाबून धरण्यासाठी उपयोगी पडतो. सुमारे निम्मा जोर डोक्याखालच्या घर्षणात व उरलेला आट्यांच्या घर्षणात खर्ची पडतो. गंज व रंग यांनी हे घर्षण अनेक पटींनी वाढवले, तर सोडवण्याचा सारा पीळ बोल्टाच्या दांड्यावर येतो आणि दांडा तुटतो. तुटलेला बोल्ट छिद्र पाडून काढण्याचे काम मूळ कामाहून कितीतरी कठीण असते.

म्हणून पहिले काम पाना लावण्याचे नसून रंग काढण्याचे होय. खरवडणी व तारेचा ब्रश यांनी डोके, वायसरची कड आणि नटाबाहेर आलेले आटे स्वच्छ करावेत. हे आटे साफ करण्याचे विशेष कारण असे की, सैल झालेल्या नटाला बाहेर पडताना त्यांच्यावरूनच जावे लागते. तेथे रंग व गंज राहिला तर सुटलेला नट अर्ध्या वाटेत पुन्हा अडकतो. खाच असलेल्या स्क्रूची खाच रंगाने भरलेली असते. पेचकस तेव्हा धातूवर न टेकता रंगावर टेकतो, निसटतो आणि खाचेच्या कडा खाऊन टाकतो.

रंगामुळे आणखी एक फसगत होते. थरांनी फुगलेल्या डोक्यावर योग्य मापाचा पाना बसत नाही, म्हणून कारागीर मोठा पाना उचलतो. रंग चुरडला की तो पाना सैल पडतो व षट्कोनाचे कोपरे गोल होतात. जुन्या लष्करी वाहनांत मापांचीही एकवाक्यता नाही. अमेरिकन जीपचे बोल्ट इंची मापाचे, तर शक्तिमानचे मेट्रिक. त्या काळातील अनेक ब्रिटिश गाड्यांत आट्यांचा कोन ५५ अंशांचा असे, अमेरिकन आट्यांचा ६० अंशांचा. महायुद्धात या भेदाचा फार त्रास झाला व १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी सामाईक प्रमाण मान्य केले. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्या डोक्यावर १३ मिलिमीटरचा पाना बसतो खरा, पण गंजलेल्या बोल्टाच्या बाबतीत तेवढे अंतरही घातक ठरते.

रंग निघाल्यावर फटीत पातळ तेल सोडावे. रॉकेल किंवा गंज सोडवणारे तेल केशाकर्षणाने आत शिरते, परंतु त्यासाठी वेळ लागतो. दिवसातून दोन-तीन वेळा तेल सोडून रात्रभर थांबणे हिताचे. मधूनमधून डोक्यावर हातोडीचे सरळ, आटोपशीर ठोके द्यावेत म्हणजे गंजाची पकड तडकते. मग बोल्ट प्रथम किंचित आवळण्याच्या दिशेने हलवून पाहावा. हलला, की थोडा सोडावा, पुन्हा थोडा आवळावा, तेल द्यावे. असे पुढेमागे करीतच तो बाहेर आणावा.

तेवढ्यानेही न सुटल्यास उष्णतेचा उपाय आहे. २० मिलिमीटर व्यासाचा नट २०० अंश सेल्सियसने तापवला तर त्याचे छिद्र सुमारे ०.०५ मिलिमीटरने रुंदावते. हे अंतर अल्प असले तरी गंजाचा थर फोडण्यास पुरेसे असते. मात्र इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या व रबरी भाग यांच्याजवळ ज्योत नेऊ नये. जुन्या रंगांत शिसे व क्रोमेट आणि काही बोल्टांवर कॅडमियमचा मुलामा असतो. त्यांचा धूर विषारी असल्याने रंग आधीच काढलेला असावा, मुलाम्याची शंका असल्यास ज्योत लावूच नये. खरवडतानाही रंगाची धूळ श्वासात जाऊ देऊ नये. शेवटचा उपाय म्हणजे नट छिन्नीने फोडणे. नट बाजारात मिळतो, जुना स्टड मिळेलच असे नाही.

सर्वांत मोठे संकट मात्र न सुटणाऱ्या बोल्टापेक्षा, सोडू नये त्या बोल्टाचे आहे. महायुद्धकालीन जीप व काही लष्करी ट्रक यांची चाके दोन अर्ध्या भागांची असत आणि ते भाग बोल्टांनी एकत्र धरलेले असत. जीपच्या अशा चाकावर आतल्या वर्तुळात चाक बसवण्याचे पाच नट व बाहेरच्या वर्तुळात दोन भाग जोडणारे आठ नट दिसतात. एकाच रंगाखाली ते सारखेच भासतात. टायरमध्ये हवा असताना बाहेरचे नट सोडले तर चाकाचे भाग स्फोटासारखे उडून जीव जाऊ शकतो. व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्णपणे सोडल्याखेरीज त्यांना हात लावू नये. विलीज जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात हेही विसरून चालत नाही. तेथे नेहमीच्या दिशेने लावलेला जोर नट सोडवीत नाही, तो अधिकच आवळतो. रंग काढल्यावर स्टडच्या टोकावर खूण सापडते का, हे पाहून मगच दिशा ठरवावी.

जोड पुन्हा बसवताना आटे साफ करावेत, सर्वसाधारण जोडांच्या आट्यांना वंगणाचा पातळ हात द्यावा, चाक व नट जेथे टेकतात त्या जागा रंगविरहित ठेवाव्यात आणि योग्य तेवढेच आवळावे. बाहेरून रंग द्यावयाचा तो त्यानंतर. पुढे कधीतरी हाच बोल्ट दुसऱ्या कोणाला तरी सोडावा लागणार आहे, आणि त्याचे काम किती अवघड व्हावे हे आजच ठरत असते.