गवत कापणारी शहाणी गाडी

रत्नागिरीकडं पाऊस भरभरून पडतो. आंब्याच्या बागेत गवत कमरेएवढं वाढतं. दसरा-दिवाळी झाली की तेच गवत वाळतं. मग कुणाच्या विडीची ठिणगी पडते आणि वणवा लागतो. दहा-पंधरा वर्षं पोसलेली कलमं एका दुपारी होरपळतात. म्हणून पाऊस सरला की बागेची बेणणी करावी लागते.

पूर्वी हे काम विळ्या-कोयत्यानं होई. आता पुष्कळ जण खांद्याला अडकवायचं पेट्रोलचं यंत्र वापरतात. पण माणसाशिवाय चालणारी गवत कापायची गाडीही असते. तिला रोबो म्हणतात. हा शब्द कुठला, ठाऊक आहे? चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे वेठ. कारेल चापेक या लेखकानं १९२० साली आपल्या नाटकात 'रोबो' हा शब्द आणला. आपली वेठ करतो तो रोबो!

अशी गाडी घरीही जुळवता येते. कशी, ते आपण पाहू.

एक मजबूत चौकट घ्यायची. तिला मागं दोन चाकं आणि पुढं एक फिरतं चाक बसवायचं. मागच्या दोन्ही चाकांना वेगळी मोटार लावायची. जुन्या मोटारगाडीच्या वायपरची मोटार इथं चालते. ती १२ व्होल्टच्या बॅटरीवर फिरते. दोन्ही चाकं सारखी फिरली की गाडी सरळ जाते. डावं थांबलं आणि उजवं फिरलं की ती डावीकडं वळते. बैलगाडी वळवताना आपण एक बैल आवरतो, तसंच हे.

तिसरी मोटार पात्यांची. एका गोल चकतीला लहान पाती सैल अडकवतात. दगड लागला तर पातं मागं सरतं, मोडत नाही.

आता गाडीचा मेंदू. तळहाताएवढी एक पाटी असते. काय केव्हा करायचं, ते तिच्यात आधीच भरून ठेवतात. पुढं झाड आहे हे गाडीला कसं कळतं? वटवाघळासारखं! आपल्याला ऐकू न येणारा आवाज ती सोडते. तो आपटून परत आला की पुढं काही आहे हे तिला समजतं. मग ती वळते. हद्दीवर जमिनीत तार पुरून तिच्यातून थोडी वीज सोडतात. तार ओलांडायची नाही, एवढं गाडी जाणते.

पण सावध! पात्याला दयामाया नसते. गाडी उचलली की पातं आपोआप थांबेल, अशी सोय आधी करा. सोबत बंद करायचं मोठं बटणही हवं. पोरं-वासरं जवळ असताना गाडी चालवू नका. बॅटरीची तार काढल्याशिवाय पात्याला हात लावू नका.

आणखी एक खरं सांगतो. ही गाडी कातळावर, उतारावर किंवा कमरेएवढ्या गवतात चालत नाही. तिथं विळाच हवा. ती गवताचे बारीक तुकडे करते, म्हणून गुरांची वैरणही मिळत नाही. पण सपाट जागा एकदा साफ केली, की तिथलं गवत ती पुन्हा वाढू देत नाही. घराभोवती असा साफ पट्टा राहिला, तर वणव्याला पुढं सरकायला वाट मिळत नाही.

यंत्र कितीही शहाणं असलं, तरी कुठं चालवायचं आणि कुठं नाही, हे आपणच ठरवायचं. तेवढं शहाणपण आपल्याकडं हवं.